उजवं पान

नुसतं 'दुखतंय' असं कुणी म्हणालं की मावशीचं टाळकं सटकायचं. समोरचा माणूस आजारी आहे, लांबून आलाय, त्याला नीट उभंही राहवत नाही, हे सगळं तिला दिसत असायचं. तरी ती चष्मा कपाळावर ढकलून हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीतून विचारायची, "दुखतंय म्हणजे कसं? ठसठसतंय, कळ मारतेय, की आतल्या आत सलतंय?" माणूस गांगरून जायचा. आपल्या दुखण्याला स्वतःचं नाव असतं, हे बऱ्याच जणांना त्या खिडकीपाशीच पहिल्यांदा कळायचं. मागची रांग कुरकुरायला लागली की मावशी रांगेलाही झापायची. तुमची पाळी आली की तुम्हालाही एवढाच वेळ मिळणार आहे, तोवर गप्प उभे राहा आणि आपलं दुखणं नीट आठवून ठेवा, असं तिचं ठरलेलं वाक्य होतं.

तिच्या या चिकित्सेला कारण होतं. हॉस्पिटल मोठं, पण डॉक्टर झाडून सगळे बाहेरून आलेले. दोन-तीन वर्षं राहायचे आणि बदलून जायचे. त्यांना इथली भाषा येत नव्हती आणि शिकायला सवडही नव्हती. त्यामुळे केसपेपरवर सगळ्यात वर एक चौकट छापलेली असायची आणि पेशंटची तक्रार त्या चौकटीत एका इंग्रजी शब्दात लिहायची, अशी तिथली रीत. त्या शब्दावरून रांग ठरायची. बर्निंग लिहिलं की पोटाची रांग, तिथे पन्नास माणसं आणि दोन बाकडी. टाइट लिहिलं की छातीची खोली, तिथे रांगच नाही, सरळ आत. एका शब्दाच्या फरकाने माणूस तीन तास बाकड्यावर बसायचा किंवा तीन मिनिटांत डॉक्टरच्या हाताखाली जायचा. आणि हा शब्द लिहायचा अधिकार कुणाला, तर खिडकीत जो बसेल त्याला.

मावशी त्या खिडकीत बसायला आली नव्हती. ती आली होती फरशी पुसायला. सातवी झालेली, सव्विसाव्या वर्षी बादली आणि फडकं घेऊन कामाला लागली आणि नऊ वर्षं तेच करत होती. एकदा ती डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे बदलून न जाता टिकलेल्या एकमेव डॉक्टरच्या, खोलीत फरशी पुसत असताना एक म्हातारी आत बसली होती. तिच्या केसपेपरवर तेव्हाच्या कारकुनाने लिहिलं होतं, बाइट, म्हणजे पायाला मुंग्या चावतात. डॉक्टरीणबाई पायावर चावा शोधत होत्या आणि चावा काही सापडत नव्हता. म्हातारी आपली पुन्हा पुन्हा सांगत होती, पायाला मुंग्या येतात हो. मावशीला राहवलं नाही. तिने फडकं बादलीत टाकलं, स्वतःच्या पोटरीवर बोटं नाचवून दाखवली आणि मग त्याच पोटरीवर जोरात चापट मारून चेहरा अगदी कोरा ठेवला.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्यांनी पहिल्या खुणेला एक शब्द दिला, टिंगलिंग. दुसरीला दुसरा, नंब. मावशीने लगेच विचारलं की यातला आधी कोण येतो. डॉक्टरीणबाईंना प्रश्न समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्या खुर्चीत मागे टेकून हसल्या. आधी टिंगलिंग, मग नंब. मुंग्या आहेत तोवर ठीक, मुंग्याही गेल्या की घाबरायचं. पुढच्या महिन्यात मावशीच्या हातातली बादली गेली आणि तिला खिडकी मिळाली. कारकुनाला रेकॉर्डरूममध्ये पाठवलं, आणि तो शेवटपर्यंत मावशीशी बोलला नाही.

मग तिने वही केली. जाड, दोनशे पानी. डाव्या पानावर आपला शब्द, आणि त्याच्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या हाताने लिहिलेला इंग्रजी शब्द. उजवं पान पेशंटचं. तो शब्द कुणी, कधी, कसा वापरला, त्याचं वाक्य त्या माणसाच्या तोंडचं जसंच्या तसं उजव्या पानावर. वाक्य मिळाल्याशिवाय शब्द पक्का झाला, असं मावशी मानायची नाही. काही शब्द डावीकडे वर्षानुवर्षं एकटे पडून असायचे.

शब्द तिने कधी सुटे ठेवले नाहीत. एकमेकांचे लागतात तेवढे सगळे एका पानावर, आणि त्यांची नातीही ठरलेली. थ्रॉब ही सासू, ठोके देत बोलते. स्टिंग ही नणंद, येते, डंख मारते आणि निघून जाते. क्रॅम्प हा रुसलेला व्याही, चोळल्याशिवाय सुटत नाही. डल हा घरजावई, त्रास म्हणाल तर काही नाही, पण उठायचं नाव नाही. चक्करेचं पान वेगळं होतं. खोली फिरली तर गिडी, खोली विझली तर फेंट, खोली नकोशी झाली तर ड्राउझी. नवीन डॉक्टर आले की तिला डिक्शनरी म्हणून चिडवायचे आणि महिन्याभरात गपचूप येऊन वही मागायचे. वही ती कुणाला खिडकीबाहेर नेऊ द्यायची नाही.

आता शिंप्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मावशीला खिडकीत आठ वर्षं झाली होती. एक शिंपी दुकानातून तसाच उठून आला होता, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. छातीत जळजळतंय म्हणाला. गर्दी होती, मावशी वैतागलेली होती, आणि जळजळ हा शब्द तिच्या दृष्टीने सोपा होता. तिने बर्निंग लिहिलं आणि त्याला पोटाच्या रांगेत पाठवलं. खिडकीतून तो तिला दिसत होता. डावा खांदा चोळत होता, रुमालाने मान पुसत होता. दिवसभर कात्री चालवतो, खांदा भरून येत असेल, असं तिला वाटलं. दुपारी एकच्या सुमारास तो बाकड्यावरच शेजारच्या माणसाच्या अंगावर कलंडला. उचलून आत नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मावशीला कुणी काही बोललं नाही. पेशंट जळजळ म्हणाला, तिने जळजळ लिहिली, कागदोपत्री सगळं बरोबर. पण तिला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती पत्ता शोधत शिंप्याच्या घरी गेली आणि दारातच त्याच्या बायकोला म्हणाली की चौकटीतला शब्द मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता. तिला वाटलं होतं बाई शिव्या देईल. बाईने पाणी दिलं. मग ती म्हणाली, "ते फार बोलणारे नव्हते. पण विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी मावशीने डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं की मी जे केलं त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि एकाखाली एक तीन शब्द लिहिले. ॲक्सिडेंट, मिस्टेक, निग्लिजन्स. मग त्यांनी तिची भाषा आणि स्वतःची भाषा मिसळून, हातवारे करून तिला समजावलं. कुणाच्याच हातात नव्हतं, तो ॲक्सिडेंट. हातात होतं पण माहीत नव्हतं, ती मिस्टेक. माहीत होतं आणि तरी पाहिलं नाही, ते निग्लिजन्स. तुझी मिस्टेक आहे, त्या म्हणाल्या, पण आता तुला माहीत झालं आहे, तेव्हा यापुढे तुझी मिस्टेक होऊ शकत नाही. मावशीने मान हलवली. मिस्टेकच्या समोर, उजव्या पानावर, तिने शिंप्याच्या बायकोचं वाक्य लिहिलं. ॲक्सिडेंटला पुढे एका पेशंटचं वाक्य मिळालं, निग्लिजन्ससमोरची जागा मोकळीच राहिली.

आणि जळजळीच्या उजव्या पानावर तिने लाल शाईने लिहिलं: 'जळजळ म्हणाले तर थांब. घाम विचार. डावा हात विचार. एकालाही हो म्हणाले तर बर्निंग लिहू नकोस, टाइट लिही. शिंपीदादांना मी विचारलं नाही.' तीनदा अधोरेखित केलं. नंतरच्या चौदा वर्षांत जळजळ घेऊन आलेला एकही माणूस त्या दोन प्रश्नांशिवाय खिडकीवरून हलला नाही.

डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन गेल्या. मग एक नवे व्यवस्थापक आले. माणूस हसतमुख, कडक इस्त्रीचा, प्रत्येकाला नावानिशी ओळखणारा. मावशीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. तुमची वही म्हणजे खजिना आहे म्हणाले. खिडकीत आता स्क्रीन येणार, आणि त्या स्क्रीनमध्ये तुमची वही जाणार, म्हणजे तुम्ही असा-नसा, वही कायम राहणार. मावशी विरघळली. एरवी कुणाच्या बापाला वही न देणारी बाई, तिने वहीला नवीन कव्हर घातलं आणि स्वतःच्या हाताने नेऊन दिली. स्क्रीन सुरू झाला त्या दिवशी तिला पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला, टाळ्या वाजल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून, तुम्ही आता दमला असाल म्हणून, तिची बदली तळघरात चादरींच्या खोलीत झाली.

तिथे दोन धुलाईची यंत्रं घरघरत असायची, फोन लागायचा नाही. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, ट्रॉलीत रचून वॉर्डात पोचवायच्या. आठवड्याने ती वेळ काढून वर आली आणि आपल्या खिडकीत डोकावली. आत एक नवीन मुलगी बसली होती. मावशीने तिला जळजळ काढून दाखवायला सांगितलं. मुलीने बोट लावलं. जळजळ, बर्निंग. पुढे काही नाही. मावशीने उजवं पान कुठे आहे विचारलं, तर मुलीला कळेच ना. टाइप करणाऱ्यांना डावी पानं दिली होती म्हणे, तेवढीच आली.

मावशी तडक केबिनमध्ये गेली. व्यवस्थापकांनी शांतपणे समजावून सांगितलं की वाक्यं जागा खातात. एका आपल्या शब्दाला एक इंग्रजी शब्द, एका माणसाला चाळीस सेकंद, तेव्हा कुठे गर्दी हटते. मावशीने त्यांना शिंप्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि ही सूचना लेखी द्या म्हणाले. तिने लेखी दिली. लाल शाईतलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि ऑफिसातून शिक्का मारलेली पोचपावती घेतली. पावती तिने पर्समध्ये घडी करून ठेवली. अर्जाचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. दोनदा विचारायला गेली, दोन्ही वेळा विचाराधीन. त्या शब्दाचं तिला हसू यायचं आणि संतापही यायचा. मेल्यांनो, विचार करायला घाम येतो का तुम्हाला, असं ती यंत्रांना ऐकवायची, कारण तळघरात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

आता तिची धाकटी जाऊ. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एकात मावशी आणि तिचा नवरा, दुसऱ्यात दीर आणि जाऊ. जाऊ एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून मावशीनेच तिला सांभाळलं. बाई कष्टाळू, दिवसभर उभी राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. तिचा एकच दोष मावशीला सहन व्हायचा नाही. काहीही झालं, की ती म्हणायची, नशीब. साडीला चटका बसला, नशीब. दिराने बढतीची परीक्षा दिली आणि भलत्यालाच बढती मिळाली, नशीब. मावशी चिडून म्हणायची की तुझ्या नशिबाला एकदा माझ्या खिडकीत पाठव, मी विचारते त्याला कसं दुखतंय ते.

अर्जाला पाच महिने झाले होते. मंगळवार होता. दुपारी बाराच्या आसपास मावशी धुतलेल्या चादरींची ट्रॉली ढकलत दुसऱ्या वॉर्डाकडे निघाली होती. वाट पोटाच्या रांगेवरून जायची. एरवी ती त्या बाकड्यांकडे बघायचं टाळायची. त्या दिवशी तिची नजर गेली, आणि बाकड्याच्या टोकाला तिची जाऊ बसली होती. हातात एकसष्ट नंबरचं टोकन. केस कपाळाला चिकटलेले, ब्लाउज पाठीवर ओला, उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं, एखादी परकी वस्तू मांडीवर ठेवावी तसं. शेजारी दीर पाण्याची बाटली घेऊन उभा.

मावशीने काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं. तिने वरच्या चादरी फरशीवर लोटून दिल्या, दिराला पाय धरायला सांगितलं आणि जावेला ट्रॉलीत आडवं घातलं. मग ती ट्रॉली पळवत निघाली. वाटेत शिपाई आडवा आला, केसपेपरवर पोटाची रांग लिहिली आहे म्हणाला. मावशीने त्याच्या अंगावर ट्रॉली घातली. तो बाजूला झाला. छातीच्या खोलीचं दार तिने ट्रॉलीनेच उघडलं आणि आतल्या तरुण डॉक्टरला ओरडून दोनच शब्द सांगितले, टाइट आणि हेवी.

जाऊ वाचली. म्हणजे जेवढी वाचायची तेवढी वाचली. डॉक्टरने नंतर चित्र काढून समजावलं की हृदयाचा इतका भाग गेला तो गेला, तीन तास आधी आली असती तर गेला नसता. आली होतीच की, मावशी म्हणाली, नऊ वाजता आली होती. डॉक्टर तरुण होता पण सरळ होता. त्याने केसपेपरवर आत आल्याची वेळ आणि टोकनावरची वेळ, दोन्ही लिहून ठेवल्या. त्यावरून वर चौकशी लागली.

वॉर्डात शुद्धीवर आल्यावर जाऊ काय म्हणाली? म्हणाली, माझंच चुकलं ताई, मीच जळजळतंय म्हणाले. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. ती तीनदा उठून खिडकीशी गेली होती. पहिल्यांदा सांगितलं घाम येतोय. दुसऱ्यांदा सांगितलं हात जड पडलाय. तिसऱ्यांदा सांगितलं माझी मोठी जाऊ इथेच आहे, तिला निरोप देता का. मुलगी दर वेळी म्हणाली की स्क्रीनवर एका माणसाला एकच शब्द घेता येतो आणि तुमचा घेऊन झालाय. तळघरात फोन लागत नाही, तेही तिने सांगितलं. एवढं सगळं सांगून जाऊ उशीवर मान टाकून म्हणाली, "जाऊ दे. नशीब माझं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोरच्या बाईच्या नाकात नळी होती, तिच्यावर ओरडता येत नव्हतं. ती बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. खिडकीतली मुलगी तिथे रडत बसली होती. मी समोर होतं ते दाबलं मावशी, मला दुसरं काही दिलंच नव्हतं, असं तिचं चाललं होतं. मावशीला तिचा राग आला नाही. चौदा वर्षांपूर्वी ती स्वतः याच मुलीच्या जागी होती, पण तिला निदान माहीत करून घ्यायला कुणी अडवलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी केबिनमध्ये बोलावणं आलं. व्यवस्थापक होते आणि चौकशीची फाइल घेतलेला एक गृहस्थ होता. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक टाइप केलेला इंग्रजी कागद आणि मावशीची वही. वहीचं कव्हर फाटलेलं होतं.

व्यवस्थापकांनी जावेची चौकशी केली, आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणाले आणि मुद्द्यावर आले. यादी तुमच्या वहीवरून झाली आहे, जळजळीसमोर बर्निंग तुमच्याच वहीत लिहिलेलं आहे, तेवढं तुम्ही या कागदावर मान्य करायचं. कुणावर काही कारवाई होणार नाही. आणि हे प्रकरण मिटलं की तुम्हाला तुमची खिडकी परत द्यायचं ठरतंय. स्क्रीनच्या शेजारी तुमची खुर्ची.

खिडकी मावशीला हवी होती. पाच-सहा महिने ती रोज सकाळी तळघराच्या जिन्याकडे जाताना आधी डावीकडे, खिडकीकडे वळायची आणि मग भानावर यायची. निवृत्तीला दोन वर्षं होती. ती दोन वर्षं त्या खुर्चीत गेली असती, तर तिला जगाकडून आणखी काही नको होतं. तिने कागद ओढून घेतला आणि बोट ठेवून सावकाश वाचला. जे घडलं त्याला कागदात अनफॉर्च्युनेट इन्सिडंट म्हटलं होतं. दुर्दैवी घटना. म्हणजे जावेचं नशीबच, फक्त टाय लावलेलं.

तिने कागद ठेवला आणि वही उघडली. जळजळीचं पान तिला शोधावं लागलं नाही. उजव्या पानावरचं लाल शाईतलं तिने मोठ्याने वाचलं, शिंपीदादांच्या वाक्यापर्यंत. मग पर्समधून पोचपावती काढून त्या पानावर ठेवली. तारीख त्यांच्याकडे फिरवून ठेवली.

व्यवस्थापकांनी पावती वाचून परत सरकवली. मग म्हणाले की इतकी वाक्यं वाचायला वेळ कुणाला असतो, तुम्हीच सांगा.

"मला होता," मावशी म्हणाली. "बावीस वर्षं होता."

तिने त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. अनफॉर्च्युनेट इन्सिडंटवर आडवी रेघ मारली आणि वर एकेक अक्षर काढत निग्लिजन्स लिहिलं. खाली सही केली. आजवर हजारो केसपेपरांवर ठळक अक्षरांत लिहायची, तशाच अक्षरांत.

व्यवस्थापकांचं हसू आता गेलं होतं. हा फार जड शब्द आहे, ते म्हणाले, त्याचा अर्थ तरी नीट माहीत आहे का तुम्हाला?

आता मात्र मावशीचा तोल गेला. "अर्थ मला विचारताय?" ती उभी राहिली. "माझी चूक झाली तेव्हा मी त्या घरी जाऊन कबूल करून आले. मला माहीत नव्हतं, म्हणून ती चूक. तुम्हाला मी लिहून दिलं, तुम्ही शिक्का मारून घेतलं आणि खणात ठेवलं. अर्थ तुम्ही पाठ करा, साहेब. मला येतो."

तिने पावती वहीत घातली, वही काखेत मारली आणि बाहेर आली. खिडकीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ती जिना उतरून तळघरात गेली आणि राहिलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. दोन घड्या वाकड्या आल्या, त्या तिने मोडून पुन्हा घातल्या.

संध्याकाळी ती समोरच्या दारात गेली. जाऊ पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात इस्त्री होती, वायर गुंडाळून ठेवलेली. ती आता तिला उचलवत नव्हती. लोकांचे कपडे परत गेले होते आणि इस्त्रीचं टेबल दिराने उभं करून भिंतीला लावलं होतं. मावशीने केबिनमधलं सगळं तिला सांगितलं. खिडकीचं शेवटी सांगितलं. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यापायी तुझी खिडकी गेली, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तसं मावशीने हात वर करून तिला थांबवलं. मग वहीचं शेवटचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

जावेने तीन शब्दांवरून बोट फिरवलं. दोन शब्दांसमोर वाक्यं होती, तिसऱ्यासमोर जागा मोकळी होती. तिने विचारलं, हा कुठला.

"निग्लिजन्स. माहीत होतं आणि तरी पाहिलं नाही, ते."

"आपल्यात काय म्हणतात याला?"

"हलगर्जीपणा म्हणतात," मावशी म्हणाली. "पण आपली माणसं तसं म्हणत नाहीत. आपली माणसं याला नशीब म्हणतात."

जाऊ इस्त्रीकडे बघत होती. तिचा चेहरा मावशीला ओळखू येईना. पंचवीस वर्षांत या बाईला रागावलेलं तिने पाहिलंच नव्हतं, आणि राग कसा दिसतो हे त्या चेहऱ्यालाही माहीत नसावं. तो तिथे हळूहळू जागा शोधत होता. मग तिने वही मावशीकडे सरकवली आणि मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"लिही," ती म्हणाली. "मी तीनदा उठून सांगितलं."

मावशीने लिहिलं.

"पुढे लिही. त्यांना ऐकू येत होतं."